उपकारस्तुतीच्या रविवारी साक्ष द्यायची आहे, पण सांगू काय?

ओसरी
सर्वांना सलाम. एरवी मी नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सुगीनंतर उपकारस्तुतीचा रविवार असतो आणि भगिनी मंडळातल्या दोघीतिघी साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगतात. यंदा पाळकीणबाईंनी मला न विचारताच माझं नाव घातलंय. ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. घरातलं कुणी दाता म्हणून चाललं नाही, यादीत नाव आहे. मंडळीनं उपास धरले, रात्रीच्या प्रार्थना केल्या, तेलाभिषेकही झाला. आहे ते आहे.

आमच्या देवळातल्या साक्षींचा साचा ठरलेला आहे. आजार आला, डॉक्टरांनी हात टेकले, प्रार्थना केली, रिपोर्ट नॉर्मल, हालेलूया. माझी साक्ष प्रार्थनेपर्यंत येते आणि तिथंच थांबते. पाळकीणबाई म्हणतात, "तू फक्त देव विश्वासू आहे एवढं सांग आणि बस." ते मला खोटं वाटत नाही. पण त्याच्या पुढचं वाक्य सुचत नाही. समोर हे बसलेले असणार, हाताला फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात त्या शिरेवरची, पट्टी बांधलेली.

अशा वेळी "देव विश्वासू आहे" म्हणताना तुमच्या मनात नेमकं काय असतं? वचनांची यादी नको, ती रोज सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येते, गुलाबाच्या फुलासकट.

मधला_बाक
वाचतोय. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

मळेकर_स्तेफन
ताई, सलाम. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शंका आली की आशीर्वाद अडतो. मार्क ११:२४ वाचा, मिळालंच आहे असा विश्वास धरा म्हणून प्रभूनं सांगितलंय. आमच्या थोरल्या भावाला कावीळ झाली होती, डॉक्टर लिव्हर गेलं म्हणाले होते. आम्ही घरात रडणं बंद केलं, फक्त स्तुती केली. आज तो ट्रॅक्टर चालवतो. तुम्ही रविवारी उभं राहून "माझे पती बरे झालेच आहेत" असं सांगा. तोंडानं कबूल केलं की देव काम करतो.

खडूस_डिकन
स्तेफनभाऊ, म्हणजे जे झालं नाही ते झालं म्हणून देवळात उभं राहून सांगायचं? खोटी साक्ष देऊ नको ही नववी आज्ञा अजून चालू आहे बरं का.

वसईचा_पेद्रू
आमच्या कॅथलिकांच्या मोजणीत ती आठवी आहे. :-)

खडूस_डिकन
पेद्रूशेठ, कितवी का असेना, मोडू नये.

सलाईन_सिस्टर
ओसरीताई, मी डायलिसिस युनिटमध्ये काम करते. विश्वासाचं मोठी माणसं सांगतीलच, मला एक धोक्याचं सांगायचंय. "बरे झालेच आहेत" असं ठरवून डायलिसिसची पाळी चुकवणारे पेशंट आम्ही पाहिलेत. फुप्फुसात पाणी भरून रात्री स्ट्रेचरवर येतात. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबायला वेळ लागत नाही. स्तेफनदादा, तुमच्या भावाचं ऐकून खरंच आनंद झाला. पण लिव्हर पुन्हा भरून येऊ शकतं, निकामी झालेलं मूत्रपिंड तसं येत नाही. प्रार्थना करा आणि मशीनलाही वेळेवर जा, एवढीच विनंती.

आणि भेटायला येणाऱ्यांसाठी: शहाळं आणू नका! आजारी माणूस म्हटलं की आपल्या लोकांच्या हातात शहाळं येतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ह्या लोकांना दिवसभराचं पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. केळीही नकोत.

ओसरी
सिस्टर, तुमचे पाय कुठं आहेत? आमच्या पडवीत शहाळ्यांचा ढीग आहे. शेजारच्या पोरांची चंगळ चालू आहे.

रविवारचा_तबलजी
ईयोबाचे मित्र शहाळी घेऊन आले नव्हते एवढंच, बाकी सगळं आणलं होतं.

खडूस_डिकन
तबलजींनी मुद्द्याला हात घातला म्हणून सविस्तर लिहितो. ईयोब म्हणजे बायबलातला, सगळं गमावून आजारी पडलेला नीतिमान माणूस. त्याचे तिघे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. इथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. तुझंच काहीतरी चुकलं असेल, शुद्ध मनानं मागितलं असतंस तर मिळालं असतं. शेवटच्या अध्यायात देव अलिफजाला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाही. म्हणजे ज्यानं जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली, तो पास. आणि देवाची बाजू घेऊन भांडणारे नापास.

स्तेफनभाऊंना आणखी एक विचारतो. दुसरे तीमथ्य, अध्याय ४, वचन २०. पौल लिहितो, त्रफिम आजारी होता त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, त्याच पौलानं आपल्या सोबत्याला आजारी ठेवून पुढची वाट धरली. विश्वास कुणाचा कमी पडला, पौलाचा का त्रफिमाचा? पत्रात कुणालाच दोष दिलेला नाही. नुसती बातमी आहे, घरच्या पत्रात असते तशी.

मळेकर_स्तेफन
हे वचन माझ्या लक्षात नव्हतं. पण अपवाद म्हणजे नियम नव्हे.

खडूस_डिकन
मग प्रेषितांची कृत्ये १२ घ्या. हेरोद राजानं प्रेषित याकोबाला तरवारीनं मारलं. त्याच अध्यायात पेत्राला देवदूतानं तुरुंगातून बाहेर काढलं. मंडळी एकच, देव एकच. याकोबासाठी कुणी प्रार्थना केली नसेल असं मानायचं का? ते पुस्तक लिहिणारा लूक दोन्ही सांगतो आणि पुढं जातो. आपल्याकडे साक्ष फक्त पेत्राच्या घरचे देतात. याकोबाची आई त्या रविवारी देवळात कुठं बसली असेल, हे कुणी विचारत नाही.

शेवंती७
मी त्या बाकावर बसलेली आहे. माझी मुलगी गेली, तिला शाळेत घालायची होती त्या वर्षी. कबरस्तानातच एकजण म्हणाले, देवाला बागेत फूल हवं होतं. मला त्या माणसाचा आजही राग येतो आणि तो जावा असंही वाटत नाही. देवाकडे फुलांना तोटा आहे का?

ओसरीताई, मी अजून देवळात जाते. का जाते ते मला सांगता येत नाही. गाणी म्हणत नाही, प्रभुभोजन घेते. काही महिने तेही घेत नव्हते. कुणी विचारलं तर "देव विश्वासू आहे" असं मी म्हणणार नाही. तो नाही असंही म्हणणार नाही. तुम्हाला नाही जमलं बोलायला तर बोलू नका. पाळकीणबाईंना सांगा, नाव काढा. साक्ष सक्तीची नसते.

मधला_बाक
शेवंतीताई, ___/\___

वसईचा_पेद्रू
शेवंतीबाय, वाचून गप्प झालो.

आमच्या कॅथलिकांकडे उभं राहून साक्ष द्यायचा प्रकार प्रार्थना शिबिरं सोडली तर फारसा नाही, त्यामुळे ओसरीताईंची नेमकी अडचण मला आलेली नाही. पण नवस आम्हीही करतो. बांद्र्याच्या मोतमाउलीला लोक मेणाचे हात, पाय, बाळं वाहतात, तुम्ही पाहिलं असेल. हिंदू, पारशी सगळे असतात. गुण आला की फेडायला येतात. ज्यांना गुण आला नाही तेही दरवर्षी येतात, हे मी आजीबरोबर रांगेत उभा राहून पाहिलंय. आजीचे गुडघे कधीच बरे झाले नाहीत. मेणाचे पाय मात्र तिनं न चुकता वाहिले. मी लहानपणी विचारलं होतं, "आजी, ती ऐकत नाही तर कशाला?" आजी म्हणाली, "ती ऐकते. करीत नाही." आणि पुढच्या मेणबत्तीचा भाव करायला लागली.

आमच्यात ११ फेब्रुवारीला, लूर्दच्या माउलीच्या सणाला, आजाऱ्यांचा दिवस पाळतात. बऱ्याच चर्चमध्ये आजारी माणसांना पुढं बसवून कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. पूर्वी हे मरणाच्या दारातच होई, त्यामुळे फादर तेलाची डबी घेऊन आले की पेशंट घाबरायचा. आता तसं नाही. बरं करण्याची हमी म्हणून कुणी ते घेत नाही. पौलानं कलस्सैकरांस लिहिलंय की ख्रिस्ताच्या दुःखात जे उरलंय ते मी माझ्या देहात भरून काढतो. ह्याच्यावर आमचे आणि तुमचे शास्त्री शेकडो वर्षं भांडतायत, त्यात मी पडत नाही. पण आजारी माणसाला "तुझं दुःख फुकट जात नाहीये" असं कुणीतरी म्हणावं लागतं, एवढं मला कळतं.

शेवंती७
तुमची आजी मला आवडली.

केडगाव_लोकल
मी केडगावचा, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनच्या गावचा, म्हणून बाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या नावाचे कार्यक्रम होतात तेव्हा पांडित्य आणि समाजकार्य सांगतात, मरणांची यादी कुणी सांगत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न, आणि १८८२ मध्ये तेही पटकीनं गेले. मनोरमा तेव्हा तान्ही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. विधवांसाठी शारदा सदन काढलं तर काही वर्षांत धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यातले मोठमोठे लोक सोडून गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावच्या माळावर वसवल्या. आणि शेवटी १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. पुढच्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. अखेरपर्यंत पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं.

ह्या बाई देव विश्वासू आहे म्हणतात तेव्हा ते गुलाबाच्या फुलावर छापलेलं नसतं.

तर्कट
मी ख्रिस्ती नाही, कुठल्याच देवाचा नाही. धागा चांगला चाललाय म्हणून सभ्यपणे एक शंका विचारतो, हलके घ्या.

केडगाव_लोकल, रमाबाईंनी स्वतःच लिहिलंय की दुष्काळात त्यांच्या घरच्यांनी उपास केले, तीर्थं केली, होतं नव्हतं ते देवाब्राह्मणांना दिलं, आणि कुणी धावून आलं नाही. तिथून जुन्या देवांवरचा विश्वास उडत गेला. ठीक. मग पुढं नव्या देवाच्या राज्यातही नवस फळले नाहीत, पोटची पोर गेली, तर तो विश्वासू कसा? एका देवाला नापास करायला जो पेपर लावला तोच दुसऱ्याला का लावला नाही? आणि तुमचं "देवाची योजना" हे आमच्या आजोबांच्या "प्रारब्ध"पेक्षा नेमकं वेगळं कसं?

रविवारचा_तबलजी
तर्कटराव, पेपर अवघड काढलात.

मळेकर_स्तेफन
देवाला तराजूत घालू नये.

तर्कट
स्तेफनभाऊ, तुमच्या भावाचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा तराजू बाहेर काढलाच होता की.

केडगाव_लोकल
तर्कट, प्रश्न रास्त आहे. टोलवत नाही.

मला जे माहीत आहे ते असं. रमाबाई ख्रिस्ताकडे आल्या त्या कुठली मागणी पुरी झाली म्हणून नव्हे. इंग्लंडात असताना वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधलं फुलमचं घर दाखवलं. ज्या बायकांना समाजानं "पतित" म्हणून टाकलं होतं त्यांना तिथं सांभाळत होते. असल्या बायकांवर कुणी माया करतं, हे बाईंना नवीन होतं. त्यांनी विचारलं, का करता? तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली, विहिरीवरची, पाच नवरे झालेल्या परक्या जातीच्या बाईशी येशू स्वतःहून बोलतो ती. म्हणजे पेपरच वेगळा होता. देव माझ्या घरच्यांना वाचवतो का, हा प्रश्न तिथं नव्हताच. टाकलेल्या बाईशी देव कसा वागतो, हा होता.

पुढं केडगावला त्यांनी दुष्काळातल्या पोरी आणल्या, त्या वयाच्या असताना त्या स्वतः आईवडलांबरोबर अशाच रानोमाळ उपाशी फिरल्या होत्या. देवानं १८७० च्या दशकात भाकर का पाठवली नाही याचं उत्तर त्यांना मिळालं असं मला कुठं दिसत नाही. पण वीसेक वर्षांनी दुसऱ्यांच्या पोरींना ती भाकर मिळाली, त्यांच्या हातानं. ह्याला मी विश्वासूपण म्हणतो. तुम्ही योगायोग म्हणाल, तुमची मुभा आहे.

प्रारब्धाचं: प्रारब्धाशी भांडता येत नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवाशी सरळ भांडण आहे.

तर्कट
भाकरीचं पटलं नाही, पण उत्तर आवडलं. ज्या पोरी केडगावला पोचल्याच नाहीत त्यांचं काय, हे उरतंच. असो. ओसरीताईंच्या धाग्यावर मी जास्त जागा अडवत नाही.

शेवंती७
तर्कट, तुम्ही अडवा जागा. तुमच्या प्रश्नानं मला त्या बागेतल्या फुलापेक्षा कमी दुखलं.

सेमिनरी_चहावाला
मी पुण्यात सेमिनरीत शिकतो (चहा विकत नाही, पितो). केडगावकरांनी भांडणाचा विषय काढलाच आहे, तर बायबलातल्या विलापगीत या पुस्तकावर थोडं.

"त्याची दया रोज सकाळी नवी होते, तुझी सत्यता थोर आहे" हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो. ते कुठं आहे ते बघा. यरुशलेम जळून गेलंय, पोरं भुकेनं रस्त्यात पडतायत. पाच कविता आहेत. पहिली, दुसरी, चौथी इब्री मुळाक्षरांच्या क्रमानं, बावीस-बावीस कडव्यांच्या. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणून छासष्ट वचनं. हे वचन त्या तिसरीत, म्हणजे पुस्तकाच्या बरोबर पोटात. आणि त्यानंतर पुस्तक संपत नाही! अडीच कविता पुन्हा तोच आक्रोश. पाचवीत कडवी बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम राहिलेला नाही, जणू लिहिणाऱ्याचं अवसान गेलं. शेवटचं वाक्य साधारण असं आहे की, का तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस? झालं. सभास्थानात वाचताना यहुदी लोक शेवटून दुसरं वचन पुन्हा म्हणतात, त्या वाक्यावर थांबवत नाही म्हणून.

ओसरीताई, जिथं तुमची साक्ष थांबते तिथंच हे पुस्तकही थांबतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी बाहेर काढलं नाही. स्तोत्र ८८ तर त्याहून काळोखी, शेवटपर्यंत उजेड नाही. पण पहिल्या ओळीपासून ते बोलतंय कुणाशी ते बघा. ज्याच्यावरचा भरवसा पूर्ण गेला त्याच्या दारात माणूस रात्रंदिवस ओरडत बसत नाही, उठून घरी जातो.

रविवारचा_तबलजी
आमच्या देवळात स्तोत्र ८८ वाचायला घेतलं तर पाळकसाहेब घड्याळाकडे बघतील. आम्हाला सगळं द्रुत लयीत लागतं. मयताच्या घरी सुद्धा हल्ली कीबोर्डवाला असली चाल धरतो की पाहुणे टाळ्या वाजवायला लागतात. विलंबित म्हणून काही असतं का नाही?

मधला_बाक
अवांतर: मयताला कीबोर्ड नको, ह्याला जोरदार अनुमोदन. नुसती पेटी आणि म्हातारी माणसं बास.

खडूस_डिकन
कीबोर्डवर वेगळा धागा काढा, मी येतो कमरेला पदर खोचून.

सलाईन_सिस्टर
मूळ विषयाकडे. माझं वचनांचं ज्ञान कमी. युनिटमध्ये चार तास लोक खाटेवर असतात, बोलतात. एक आजोबा होते, ते म्हणायचे की देवावर माझा राग नाही, पण मशीन लावताना सुई टोचतात तेव्हा देव कुठं बघत असतो ते मला त्याला विचारायचंय. त्यांची मुलगी दर वेळी यायची, तेवढा वेळ त्यांचा दुसरा हात धरून बसायची. प्रवचन नाही, काही नाही. मोबाइलवर भाजीचे भाव वाचून दाखवायची. कुणी मला देवाच्या विश्वासूपणाचं चित्र विचारलं तर मला ते भाजीचे भाव आठवतात.

ओसरी
सगळ्यांचं वाचलं. काल रात्री ह्यांनाही वाचून दाखवलं. पेद्रूदादांच्या आजीवर ते हसले. त्रफिमावर मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या मिलेतात त्याला कुणी पाणी विचारत होतं का नाही?" म्हटलं, तुम्हाला मोजूनच मिळणार.

पाळकीणबाईंशी बोलले. शेवंतीताई, नाव काढा म्हणणार होते, खरंच. पण ह्यांचं म्हणणं पडलं, "नाव काढू नको, पण मी बरा झालो म्हणून सांगितलंस तर मी तिथंच उठून नाही म्हणेन." तर असं ठरलंय: स्तोत्र १३ वाचायचं, सहाच वचनं आहेत. किती वेळ विसरणार, किती वेळ तोंड लपवणार, हे चार वेळा विचारलेलं आहे त्यात. शेवटाकडे भरवसा आहे, तोही वाचीन, आहे म्हणून. मग एवढंच सांगीन की ह्यांचं डायलिसिस चालू आहे. सोमवारी कोण गाडीनं सोडतं, बुधवारी कोण, नोकरीवरून सुटी मिळत नाही तेव्हा पोरांचा डबा कोण करतं, ती नावं घेईन. त्यातले दोघं आमच्या मंडळीचे नाहीत, एक तर नमाजी आहेत, त्यांचंही घेईन. पाळकीणबाईंनी विचारलं, "आणि देवाचं?" मी म्हटलं, ते तेच.

त्या जरा नाराज आहेत. बघू.

खडूस_डिकन
नमाजींचं नाव पहिलं घ्या.

तर्कट
ताई, रविवारी कसं झालं ते इथं लिहा. वाट बघतो.

मळेकर_स्तेफन
मार्क ११:२४ वर माझा विश्वास अजून तसाच आहे, ते मी सोडणार नाही. पण काल भावाशी बोललो. तो म्हणतो, त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूसही ख्रिस्ती होता, त्याच्यासाठीही पाळक येऊन प्रार्थना करून गेले होते, तो वारला. हे त्यानं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं, आम्ही स्तुतीच करत होतो ना.

ताई, तुम्ही नगरकडच्या असाल तर शुक्रवारी कोण सोडतं ते लिहिलं नाहीत. माझी शुक्रवारी मार्केटला फेरी असते, पहाटे चारला निघतो, गाडीत जागा असते. निरोपात नंबर टाका.

ओसरी
शुक्रवारचीच अडचण आहे दादा. पण आमची पाळी सकाळी सातची. चारला फार लवकर होईल का, त्यांना विचारून कळवते.